चौघांनी थांबायचं असतं

गिटारच्या दोन कॉर्ड दणकन पडतात आणि तिथल्या तिथे तुटतात. मागे उरते ती हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसोबतच्या जोडझांजेची, बारीक टिकटिक. त्या टिकटिकीवर १४ वर्षांचा एक मुलगा गाऊ लागतो. गिटार गप्प, बास गप्प, ड्रमचा गडगडाटही गप्प. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर त्याचा आवाज फाटतो, वर जाता जाता एकदम खाली घसरतो आणि क्षणात सावरतो. मग पुन्हा दोन कॉर्ड. ब्लॅक सॅबाथ या ब्रिटिश बँडच्या ‘वॉर पिग्ज’ गाण्यातली ही जागा मी किती वेळा ऐकली असेल याची गणती नाही. मिक्स करताना, म्हणजे सगळ्यांचे आवाज एकत्र बसवताना ऐकली, मिक्स झाल्यावर ऐकली आणि आता काही काम उरलेलं नसतानाही ऐकते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रेकॉर्डिंगचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. ध्वनीचा धडा शिकवताना वर्गात मायक्रोफोन आणला, त्यातून लहरी पडद्यावर दाखवल्या, आणि तो मायक्रोफोन मग माझ्या हातून सुटलाच नाही. म्हणून हे चौघं दारात उभे राहून ‘मॅडम, आमचं एक गाणं रेकॉर्ड करून द्याल?’ म्हणाले तेव्हा कोणतं गाणं हेही न विचारता मी हो म्हटलं. गिटारवाला १७ वर्षांचा, ड्रमवाला १६ चा, बास वाजवणारी मुलगी १५ ची आणि गाणारा १४ चा. गाणारा सगळ्यांत लहान. बाकीच्यांनी त्याला घेतलं ते केवळ त्याचा आवाज उंच चढायचा म्हणून.

त्यांना आधी वाजवायचं होतं मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचं १९८६ सालचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’. मिनिटाला २१२ ठोक्यांच्या आसपास धावणारं गाणं, आणि त्यातली मुख्य रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, जवळजवळ सगळी वरून खाली मारलेल्या फटक्यांनी वाजवायची. वर येताना तार छेडली की काम निम्मं होतं, पण मग त्या फटक्यातला करकरीतपणा जातो. आमच्या गिटारवाल्याचा हात दुसऱ्या मिनिटाला दगड व्हायचा. मनगट झटकत तो खाली बसायचा आणि पुन्हा उठायचा. दोन आठवडे त्याने हे केलं. शेवटी बासवाली म्हणाली, ‘आपण सॅबाथचं करू या. हळू आहे.’ हळू म्हणजे सोपं, असं त्या दिवशी चौघांनाही वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तिच्या डोक्यात सॅबाथ आला त्याला कारण होतं. २०२५ च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात ब्लॅक सॅबाथच्या मूळ चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं. त्यांच्या आधी मेटालिका, स्लेअर, टूल, गन्स एन’ रोझेस अशी एकापेक्षा एक मंडळी मंचावर आली आणि स्वतःच्या गाण्यांसोबत सॅबाथची गाणीही वाजवून गेली. ज्यांची गाणी जगभरची पोरं गिरवतात, ती मंडळीच त्या दिवशी गिरवायला बसली होती. मग मूळ चौघं आले आणि त्यांनी सुरुवात केली ‘वॉर पिग्ज’ने. गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायले. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, २२ जुलैला, ते गेले. माझ्या चौघांनी ते चित्रीकरण इतक्यांदा पाहिलं होतं की कोण कुठे हसलं हेही त्यांना पाठ होतं.

गिरवणं हा शब्द मी मुद्दाम वापरते. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण वाजवणं, म्हटलं की लोक नक्कल म्हणून मोकळे होतात, आणि मला ते मनापासून खटकतं. अक्षर शिकताना आपण आधी काढलेल्या अक्षरावरून हात फिरवतो. तो हात नक्कल करत नसतो. वळण कुठे घ्यायचं, पेन कुठे उचलायचं हे तो शोधत असतो. गाणं नुसतं ऐकणाऱ्याला ते एकसंध भिंतीसारखं ऐकू येतं. वाजवायला घेतलं की त्या भिंतीतली एकेक वीट हाताला लागते, आणि दोन विटांमधली फटही. मेटालिका तरी दुसरं काय करत होती? १९८२ साली लोकांसमोर वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या यादीत स्वतःची गाणी थोडी आणि डायमंड हेड या ब्रिटिश बँडची जास्त होती. १९८४ मध्ये त्यांनी त्यातलंच एक गाणं रीतसर रेकॉर्ड करून स्वतःच्या सिंगलच्या मागच्या बाजूला लावलं. स्वतःची सही ठोकण्याआधी त्यांनी दुसऱ्यांचं अक्षर भरपूर गिरवलं होतं.

इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या गारुत भागात, २०१४ साली शाळेतल्या तीन मुलींनी एक मेटल बँड काढला. नाव ठेवलं व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. बाचेप्रोत म्हणजे सुंदानी भाषेत कलकलाट करणारी, तोंडाळ. त्यांना या संगीताची ओळख करून दिली त्यांच्या शाळेतल्या शिक्षकाने. सुरुवात दुसऱ्यांच्या गाण्यांपासून झाली, पुढे स्वतःची गाणी आली, आणि २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवणारा पहिला इंडोनेशियन बँड म्हणून त्या मंचावर उभ्या राहिल्या. मला त्या मुलींइतकंच त्या शिक्षकाबद्दल वाटतं. मुलीच्या हाती गिटार देताना त्याने काय विचार केला असेल हे मला नेमकं कळतं असं वाटतं, कारण आमच्या खोलीचं कुलूप उघडताना माझ्याही मनात तेच येत असे. पोरांना काहीतरी सापडलंय, आपण दारात आडवं उभं राहायचं नाही.

‘वॉर पिग्ज’ १९७० सालचं, ‘पॅरानॉइड’ या अल्बममधलं पहिलंच गाणं. जवळपास आठ मिनिटांचं. सुरुवातीला संथ, झुलता भाग आणि त्यात हवाई हल्ल्याचा भोंगा. शब्द युद्धाविरुद्धचे: लढाई आखणारे सुरक्षित बसतात आणि मरायला गरीब पोरं जातात. तो भाग संपला की मी सुरुवातीला सांगितली ती जागा येते. दोन कॉर्ड, शांतता, टिकटिक, गाणारा एकटा. पुन्हा दोन कॉर्ड. हेवी मेटलच्या जन्मखुणांमध्ये मोजलं जाणारं हे गाणं, आणि त्यातल्या कडव्यांचा बराचसा भाग गप्प आहे!

पहिल्याच दिवशी ती शांतता आमच्याकडून झाली नाही.

आमची खोली म्हणजे मंचामागची सामानाची जागा. व्यायामाच्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, वर जुना पडदा टाकला. ड्रमसाठी चार मायक्रोफोन: एक किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटाशी, एक स्नेअरला, म्हणजे करकरीत वाजणाऱ्या लहान ड्रमला, आणि दोन डोक्यावर, संपूर्ण किट टिपायला. वरच्या दोघांचं स्नेअरपासूनचं अंतर अगदी सारखं लागतं. एकात ठोका आधी आणि दुसऱ्यात उशिरा पोचला की दोन्ही लहरी एकमेकींना खातात आणि स्नेअर पातळ होतो. मोजपट्टी नव्हती. ड्रमवाल्याने बुटाची नाडी सोडली, एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं टोक मी मायक्रोफोनपर्यंत ताणून चिमटीत पकडलं आणि तसंच दुसऱ्या मायक्रोफोनपर्यंत फिरवलं. तीन बोटं कमी पडत होती. स्टँड तेवढा खाली घेतला. त्याने स्नेअरवर एक ठोका मारला आणि हेडफोनमध्ये तो असा आला की आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. लहरींच्या व्यतिकरणावर मी आजवर कितीतरी तास घेतलेत. त्यातला कुठलाही तास त्या नाडीच्या जवळपास जात नाही.

मग गिटारवाला तक्रार घेऊन आला. ‘मॅडम, मी वाजवतो आणि ते उशिरा ऐकू येतं. मला वेड लागेल.’ कॉम्प्युटर आवाज गोळा करून गठ्ठ्यागठ्ठ्याने पुढे सरकवतो. आमचा गठ्ठा होता आवाजाच्या १,०२४ नमुन्यांचा. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एकेक गठ्ठा भरायलाच २३ मिलिसेकंद जातात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर चालतो. म्हणजे त्याची गिटार त्याच्यापासून आठेक मीटर लांब कुणीतरी उभी केली होती. गठ्ठा १२८ वर आणला, तशी ती हाताशी आली. एवढा फरक त्याच्या बोटांना कळला होता. वर्गात हाच मुलगा मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसतो.

त्याच्याशी माझा खरा झगडा झाला तो गेनवरून, म्हणजे गिटारच्या आवाजात खरखर, डिस्टॉर्शन, किती आणायची यावरून. घरी एकट्याने वाजवताना गिटारवाले डिस्टॉर्शनची कळ शेवटपर्यंत फिरवतात, कारण मग प्रत्येक स्वर भरलेला, जाड, लांबत जाणारा वाटतो. पण डिस्टॉर्शन आवाजाचे उंचवटे छाटत असतं. सगळं सारख्याच उंचीचं झालं की फटका आणि फटक्यानंतरची खरखर यांत फरकच उरत नाही. मी कळ निम्म्यावर आणायला सांगितली. त्याचा चेहरा उतरला. ‘मग ते हेवी राहणारच नाही.’ मी म्हटलं, एकदा करून बघ. त्याने दोन कॉर्ड मारल्या. आणि मग त्याला पहिल्यांदा ऐकू आलं की तो थांबतच नव्हता. इतके दिवस कॉर्ड तोडल्यावरही तारा गुणगुणत राहायच्या आणि ते सगळं त्या खरखरीत लपून जायचं. आता लपायला जागा नव्हती.

तार वाजवायला सगळेच शिकवतात. ती बंद कशी करायची हे बहुतेकांना स्वतःच शोधावं लागतं. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ, म्हणजे तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथे, टेकवायची, डाव्या हाताची बोटं उचलायची पण तारेवरून काढायची नाहीत, आणि हे दोन्ही एकाच क्षणी. एक हात मागे राहिला तर कुंई असा आवाज येतो. त्यावर उपाय आहे, नॉइज गेट नावाचा. ठरावीक पातळीखालचा आवाज तो परस्पर कापतो. मी तो लावून देऊ शकले असते. त्यानेच नको म्हटलं. त्या दोन कॉर्ड थांबवायला त्याने चार दिवस घेतले, आणि चौथ्या दिवशी खोलीत अशी शांतता पडली की गादीमागून कुठूनतरी येणारा घड्याळाचा आवाज ऐकू आला. घड्याळ शोधून बाहेर नेऊन ठेवावं लागलं.

सॅबाथचे गिटारवादक टोनी आयोमी यांची गोष्ट मी त्यांना याच सुमारास सांगितली. १७ वर्षांचे असताना, पत्र्याच्या कारखान्यातल्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा चढवल्या, आणि पुढे तारा सैल पडाव्यात म्हणून गिटारचे सूरही खाली उतरवले. सूर उतरले तसा आवाज आणखी गडद झाला. आज जगभरातली पोरं ज्या गडद, खालच्या आवाजामागे धावतात त्याचं एक मूळ एका दुखावलेल्या हातात आहे. गोष्ट संपल्यावर गिटारवाला बराच वेळ स्वतःची बोटं बघत होता. पण बोलली ती बासवाली. ‘टोपणातून तार कळत नसेल ना? मग ते किती जोरात दाबायचं हे कसं ठरवत असतील?’ मला हा प्रश्न कधीच सुचला नव्हता.

ती मुलगी फार बोलत नाही. बास वाजवणाऱ्यांच्या वाट्याला काय येतं हे मेटल ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. मेटालिकाच्या १९८८ सालच्या अल्बममध्ये बास इतका दाबला गेलाय की लोक अजून त्यावर हळहळतात. मिक्स करताना मी गिटारच्या तळातला, साधारण १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग कापला आणि ती जागा बासला दिली. गिटार एकटी ऐकली तर आता बारीक, थोडी गरीबच वाटत होती. गिटारवाल्याने ती ऐकली आणि तो गप्प झाला. मग मी बासचा ट्रॅक उघडला. गिटार एकदम दुप्पट मोठी झाली. तिच्या आवाजाला एका बोटानेही हात लावला नव्हता. त्याने वळून बासवालीकडे बघितलं. ‘हे सगळं तू होतीस?’ ती म्हणाली, ‘मग?’

गिटार रुंद वाटावी म्हणून तोच भाग दोनदा वाजवून एक डाव्या कानात, एक उजव्या कानात ठेवतात. एकच टेक, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड केलेला तुकडा, कॉपी करून दोन्हीकडे लावला तर रुंदी येत नाही. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या की कान त्यांना मधोमध एकच समजतो. माणूस दुसऱ्यांदा वाजवताना जे केसभर इकडेतिकडे होतं, तेवढ्यातूनच जागा तयार होते. हे त्यांना सांगितलं तेव्हा ड्रमवाला खूश झाला. गेले कित्येक दिवस तो एकाच कारणाने दबून होता: त्याची लय हलायची.

लयीवरून चौघांचं भांडणही झालं. गिटारवाल्याला मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, हवा होता. ठरलेल्या टिकटिकीवर वाजवायचं, नंतर कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक ठोका रेघेवर ओढून बसवायचा; आजची बरीचशी रेकॉर्डिंगं अशीच होतात. आम्ही तसं करून बघितलं. ठोके सगळे जागेवर होते आणि गाणं मेलं होतं. सॅबाथचे ड्रमवादक बिल वॉर्ड यांच्या ड्रममध्ये जॅझचा झोका आहे; त्या मोकळ्या जागांत ते हाय-हॅट वाजवतात तेव्हा मागून कुणी हाकत असल्यासारखं वाटत नाही. सॅबाथने आपला पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला, चौघं एकाच वेळी वाजवत. विशी-एकविशीतली पोरं होती तीही. प्रत्येक ठोका रेघेवर ओढण्याच्या मी विरोधात आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर ठामपणे. १६ वर्षांचा मुलगा उत्साहाने कडव्याच्या शेवटी थोडा पुढे पळतो. तो पळतो तिथेच तो आहे. त्याला खेचून मागे आणायचं, तर मग रेकॉर्डिंग कुणाचं केलं आपण?

मेट्रोनोम बंद केला. ड्रम, बास आणि गिटार एकत्र वाजवायचे आणि गाणाऱ्याने समोर उभं राहून सोबत गायचं, असं ठरलं. मोकळ्या जागेत कुणी किती थांबायचं हे आता कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकमेकांकडे बघावं लागत होतं. गिटारवाला इतके दिवस मान खाली घालून बोटं बघत वाजवायचा. आता तो मान वर करून वाजवू लागला. ड्रमवाला गाणाऱ्याच्या खांद्यांकडे बघायचा. श्वास घेताना त्याचे खांदे उचलायचे; ते खाली आले की पुढचा ठोका.

आणि या सगळ्यांच्या मधोमध तो १४ वर्षांचा मुलगा. तोवर त्याच्याकडे आमचं, माझंही, फारसं लक्ष नव्हतं. त्याने आधी वर्गमित्रांबरोबर गुरगुरत गाण्याचा प्रयत्न केला होता. घसा दुखला की तिथेच थांबायचं, एवढंच मी त्याला बजावलं होतं. इथे मात्र गुरगुर नव्हती. उघडा, सरळ, उंच आवाज हवा होता. मेटलमध्ये गाणाऱ्याला वाटतं की आपण आवाजाच्या डोंगरामागे उभे आहोत. चुकलो तरी कुणाला कळणार? आणि नेमक्या याच गाण्यात डोंगर दर दोन कॉर्डनंतर बाजूला होतो. पहिल्या दिवशी तो त्या जागेत गायलाच नाही. कॉर्ड तुटल्या, टिकटिक सुरू झाली, आणि तो नुसता उभा. ‘सगळे माझंच ऐकतायत,’ तो म्हणाला. ड्रमवाला म्हणाला, ‘म्हणूनच तर आम्ही थांबलोय.’

या वाक्यापाशी मी अजून थांबते. शाळेत मुलांना बोलायला सांगणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थांबणारी कमी. हे संगीत मुलांना भडक, रागीट बनवतं अशी भीती जुनी आहे. १९८५ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे त्यावर सुनावणीच झाली होती आणि पुढे अल्बमांवर पालकांसाठी इशाऱ्याच्या चिठ्ठ्या लागल्या. आमच्याही खोलीबाहेर एकदोघांनी नाकं मुरडली. त्यांना मी आत बोलावलं असतं तर त्यांनी काय पाहिलं असतं? तीन मोठी मुलं आपापले आवाज मुठीत धरून उभी आहेत, कारण एका लहान मुलाला चार शब्द म्हणायचे आहेत.

सुरुवातीची दोन कडवी त्या आठवड्यात झाली. सुरुवातीला सांगितलं ते आवाज फाटणं त्यातलंच. तो म्हणाला पुन्हा घेऊ या, आणि पुन्हा घेतलंही, सहा वेळा. फाटलेलाच टेक सगळ्यांत चांगला होता. त्यात तो शब्द खरोखर म्हणत होता. मग परीक्षा आल्या, सुट्टी आली, ड्रमवाला आजारी पडला. मधला मोठा गिटारचा तुकडा आणि त्यानंतर परत येणारं शेवटचं शांत कडवं राहून गेलं. आम्ही पुन्हा जमलो तेव्हा मध्ये अकरा आठवडे गेले होते.

तो खोलीत आला, ‘नमस्कार मॅडम’ म्हणाला, आणि आम्ही सगळे गोठलो. आवाज दुसऱ्याच कुणाचा होता. या वयात मुलग्यांच्या स्वरयंत्रातले पडदे लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर खाली उतरतो. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. आकृतीत कुणी काही गमावत नाही. त्याने पहिल्या कडव्याचा वरचा स्वर लावून बघितला, तो आलाच नाही, नुसती हवा आली. पुन्हा लावला. मग त्याने हेडफोन घातले आणि अकरा आठवड्यांपूर्वीचा स्वतःचा टेक ऐकला. ऐकताना त्याचे ओठ हलत होते.

‘कॉम्प्युटरने वर नेता येईल?’ त्याने विचारलं. मी करून दाखवलं. स्वर वर गेला, पण तो त्याचा आवाज नव्हता. गळ्याची पोकळी बदलली की आवाजाचा पोतही बदलतो, आणि तो नुसता स्वर चढवून परत येत नाही. गिटारवाल्याचं म्हणणं, सगळंच नव्या आवाजात पुन्हा करू. एकाच गाण्यात दोन आवाज कसे ठेवणार? ते चुकीचंही नव्हतं. ड्रमवाला म्हणाला, आधीची कडवी पुन्हा तशी येणार नाहीत. तासभर वाद चालला. मी बोलले नाही. गाणं त्यांचं होतं. शेवटी बासवालीने गाणाऱ्यालाच विचारलं, ‘तुला त्याला काढून टाकायचंय?’ तिने ‘तो टेक’ म्हटलं नाही. ‘त्याला’ म्हणाली. मुलाने मान हलवली. नाही.

मग शेवटचं कडवं खाली, नव्या आवाजात गायचं ठरलं. त्या खालच्या आवाजावर त्याचा अजून ताबा नव्हता. नवे बूट घालून चालल्यासारखा तो जपून एकेक शब्द ठेवत होता. चौघं पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. दोन कॉर्ड पडल्या, तुटल्या. टिकटिक. त्याचे खांदे उचलले, पण श्वास पुरा झालेला नव्हता, आणि मला दिसलं की ड्रमवाल्याने हाताची काडी हवेत किंचित धरून ठेवली. पुढचा ठोका उशिरा पडला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ती जागा स्पष्ट दिसते. दोन ठोक्यांमधलं अंतर तिथे वाढलंय. ते मी तसंच ठेवलं आहे.

आता गाणं ऐकलं की पहिल्या चार-पाच मिनिटांत एक लहान मुलगा गातो, मग गिटारचा मोठा तुकडा येतो, आणि त्याच्या पलीकडून कुणी मोठा माणूस चालत येतो. ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं आमच्याकडे दोन गायक होते.

शेवटची कॉर्ड मारल्यावर मी हात वर करून सगळ्यांना तसंच उभं राहायची खूण केली, सिंबलचा नाद पुरता विझेपर्यंत. बासवालीने डोळे मिटले होते. गिटारवाला दोन्ही हातांनी तारा धरून होता. ड्रमवाल्याची काडी हवेत. नाद बारीक होत होत गादीत शिरत होता, अगदी थोडा उरला होता, आणि तेवढ्यात त्या नव्या, खालच्या, अजून सवय न झालेल्या आवाजात गाणाऱ्याने हळूच विचारलं, ‘मॅडम, बंद केलं?’

केलं नव्हतं. ते ट्रॅकवर आहे.